खंडेनवमीचा माऊस

"तो माऊससुद्धा चौरंगावर ठेव," मी म्हटलं.

माझी सून शिवलीला झेंडूच्या माळा घेऊन उभी होती. चौरंगावर कालथा, झारा, दोन्ही चाळण्या, तराजू, लसूण ठेचायचा बत्ता असं सगळं घासूनपुसून मांडून झालं होतं. प्रत्येकावर मी भस्माची तीन बोटं ओढली होती. राहिलं होतं ते एवढंच, तिच्या टेबलावरचं.

"आक्का, माऊस म्हणजे काही हत्यार नव्हे."

"हातात धरून काम करतेस की नाही?"

"करते."

"मग हत्यारच. मी काय कालथा पायात धरते?"

माझा मुलगा मल्लू दारात तोरण बांधत होता. तो स्टुलावरच हसला. मी त्याच्याकडे पाहिलं तसा त्याने खिळ्यावर हातोडी मारली, आणि मग आठवलं म्हणून हातोडीपण आणून चौरंगावर ठेवली.

आमच्या घरात खंडेनवमीला हत्यारं पूजेला बसली की दुसऱ्या दिवशी दसऱ्याची आरती होईपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. सासऱ्यांच्या आधीपासूनची रीत आहे. भट्टी बंद. आदल्या दिवशी दुप्पट भडंग करून पुड्या बांधून ठेवायच्या आणि नवमीला त्याच विकायच्या. तराजूसुद्धा पूजेत, म्हणून सुटा माल नाही. सांगलीकडच्या आमच्या त्या बाजारपेठेत शेट्यांचं भडंग म्हटलं की माणूस आधी दुकानाचा पत्ता सांगायचा आणि मग माझ्या तोंडापासून जपायला. मला दोन्हीचा अभिमान आहे.

शिवलीला त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन घरात आली होती. कोल्हापुरात कॉम्प्युटरचं मोठं शिक्षण घेतलेलं. आल्या आल्या तिने दुकानाच्या कोपऱ्यात टेबल मांडलं आणि त्यावर ती पेटी, तो पडदा, ती बटणांची पाटी. जिथे माझी शेंगदाण्याची पोती असायची नेमकी तीच जागा. पोती गेली जिन्याखाली आणि तिथे त्यांना घूस लागली. शिवाय त्या टेबलाचा ड्रॉवर कधी धड मिटायचा नाही. कसली ना कसली वायर जीभ काढल्यासारखी बाहेर लोंबायची. मी येता-जाता ती आत कोंबायची, ती पुन्हा बाहेर.

"हे टेबल दसऱ्यापर्यंत," मी सांगून टाकलं होतं. "तोवर तुझ्या यंत्राने एक तरी गिऱ्हाईक आणून दाखवलं तर राहील. नाहीतर दसऱ्यानंतर तिथे पोती आणि तू भट्टीवर."

भट्टीवर उभं राहण्याला ती घाबरत नव्हती. लसूण परतायला माझ्या खालोखाल तिचा हात. पण टेबल जाणार म्हटल्यावर तिचं तोंड एवढंसं झालं होतं. त्या दिवसापासून भट्टी आवरली की ती टेबलाशी बसायची आणि खटाखट, खटाखट.

एकदा मी विचारलंच, "काय लिहितेस एवढं? रामायण?"

"प्रोग्रॅम लिहिते, आक्का. पुण्याला मोठं दुकान आहे, देवस्थळींचं. लोक त्यांच्याकडे घरबसल्या इंटरनेटवर माल मागतात. त्यांना भडंग ठेवायचंय. आपला प्रोग्रॅम थोड्या थोड्या वेळाने आपला आपण त्यांच्या मशीनशी कनेक्शन उघडणार, 'शेट्यांना कुणी काही मागितलंय का' म्हणून विचारणार, जे असेल ते घेणार आणि कनेक्शन बंद करणार."

"म्हणजे दार वाजवायचं, विचारायचं आणि परत यायचं."

"अगदी तेच."

"त्याला एवढं लिहायला लागतं?"

ती हसली. "उघडायला एकच ओळ लागते, आक्का. उघडलं नाही तर काय करायचं, ते लिहिता लिहिता जीव जातो."

मी म्हटलं, "त्यात काय लिहायचं? नाही उघडलं तर गप घरी यायचं. आणि एक सांगून ठेवते. या दुकानात मला विचारल्याशिवाय कुणी काही करत नाही. तुझं ते यंत्रसुद्धा करणार नाही. एकदा दार उघडलं नाही तर पुन्हा वाजवायच्या आधी त्याने विचारायचं. शेट्यांचं घर काही कुणाच्या दारात भीक मागत उभं राहत नाही."

"प्रत्येक वेळी विचारू दे?"

"प्रत्येक वेळी."

तिने मान हलवली आणि तसं लिहिलं. मी सांगितलेलं ती ऐकायची, हे मी कुणापुढेही कबूल करीन. तेव्हा मात्र केलं नव्हतं.

देवस्थळींनी परीक्षा ठेवली दोन दिवसांची आणि ते दोन दिवस आले नेमके नवमी नि दसरा. त्या दिवसांत माल जास्त मागतात म्हणे. जे दुकान दोन दिवस न चुकता मागण्या उचलील त्याचं भडंग ठेवणार. परीक्षेला आमच्या गावातनं दोन दुकानं. एक आमचं. दुसरं रस्त्यापलीकडचं, चौगुल्यांचं.

आता चौगुल्यांचं सांगायला हवं.

कमळाबाई चौगुले आणि मी एकाच वर्षी या पेठेत सून म्हणून आलो. तिचं दुकान चुरमुऱ्या-फुटाण्यांचं, माझं भडंगाचं. मधे रस्ता, तोही एवढासा की बोलायला आवाज चढवावा लागायचा नाही. त्यांच्या घरी खंडेपूजन दसऱ्याला, आमच्याकडे नवमीला. म्हणून नवमीला माझा कालथा पूजेत बसला की घरचं रांधायला तिचा कालथा माझ्याकडे यायचा, आणि दसऱ्याला तिची हत्यारं बसली की माझा तिच्याकडे जायचा. दोन्ही सासवा बघत असायच्या आणि आम्ही दोघी भर रस्त्यात कालथे घेऊन गप्पा मारत उभ्या. बैलगाड्या थांबायच्या.

मग एके दिवशी तिने दुकानावर पाटी लावली, चौगुले भडंग.

मी त्या पाटीकडे बघितलं आणि आत गेले. चार लोकांत म्हटलं, की माझ्याच चुलीशी बसून माझाच मसाला नेला. ते तिच्या कानावर गेलं. त्या नवमीला कालथा आला नाही, आणि मी मागितला नाही. तेव्हापासून मी त्यांच्या भडंगाला कोंबड्यांचं खाद्य म्हणते, आणि ती आमच्याला जुलाबाचं औषध. दोन्ही दुकानं जोरात चालली. भांडण लोकांनाही चवदार लागत असावं.

तर त्या नवमीच्या सकाळी वाद चालला होता माऊसवरून.

"माऊस ठेवते," शिवलीला म्हणाली. "बटणांची पाटी पण ठेवते. पण पेटी चालू राहू दे, आक्का. तिला कुणी हात लावणार नाही. प्रोग्रॅम आपला आपण चालेल. समई कशी पूजेत असून तेवत राहते, तशी."

मी विचार केला. समईचं बोलली होती ती बरोबर. आणि खरं सांगायचं तर पेटी बंद केली आणि परीक्षा बुडाली तर गावभर झालं असतं की म्हातारीने बुडवली. टेबल जावं, पण ते त्याच्या कर्माने जावं.

"चालू दे," मी म्हटलं. "पण माळ तिलाही घालायची."

मग पेटीला माळ घातली, पडद्याला कुंकवाचं बोट लावलं. माऊस चौरंगावर कालथ्याशेजारी झेंडूच्या पाकळ्यांत बसला. मी नमस्कार केला. शिवलीलाने पण केला, आणि तिने मनात काय मागितलं ते तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

सकाळ छान गेली. पडद्यावर दर थोड्या वेळाने हिरवा ठिपका यायचा. कनेक्शन उघडलं, विचारलं, बंद झालं. मागण्या पडायला लागल्या. "कोथरूडची बाई, चार पुड्या," शिवलीला वाचायची. "हडपसर, दोन. तिखट जास्त हवंय." मी दुकानात बसल्या बसल्या ऐकत होते आणि ऐकत नाही असं दाखवत होते. हडपसरच्या माणसाला तिखटाची जाण होती, एवढं मात्र मनात नोंदवलं.

समोर कमळाच्या दुकानात वेगळीच तऱ्हा. त्यांच्याकडे प्रोग्रॅमबिग्रॅम नव्हता. तिचा जावई दिगंबर दसऱ्याला आला होता, त्यालाच बसवला होता. तो देवस्थळींचं पान उघडायचा, बघायचा, पुन्हा उघडायचा, पुन्हा बघायचा. सकाळपासून बिचारा जेवायला उठला नव्हता. घरी आलेल्या जावयाला असं राबवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. मनातून जरा कौतुकच वाटलं.

दुपारची जेवणं झाली. कोपऱ्यावरच्या मंडळाची पोरं खांबाला पताका बांधत होती. त्यांनी काय ओढलं नि काय ताणलं, आमचं नेट गेलं. पोरांनी वायर सोडली तसं लगेच परतही आलं. पण तेवढ्यात व्हायचं ते होऊन गेलं होतं. पडद्याच्या बरोबर मधे एक चौकट येऊन बसली.

शिवलीला बघतच राहिली. मल्लूने वाचलं, "'आक्का, कनेक्शन उघडलं नाही. पुन्हा प्रयत्न करू का? हो. नाही.'"

"मला विचारतंय?"

"तुमचंच नाव घातलंय," शिवलीला म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "तुम्ही म्हणाला होता, विचारल्याशिवाय करायचं नाही."

"मग सांग त्याला, हो म्हणून."

"सांगायला 'हो'वर माऊस न्यायला लागतो, आक्का. नाहीतर पाटीवरचं बटण दाबायला लागतं."

आम्ही तिघांनी चौरंगाकडे पाहिलं. माऊस पाकळ्यांत डोकं खुपसून बसला होता. भस्माची तीन बोटं त्याच्या पाठीवर.

"तोंडाने सांगितलेलं ऐकत नाही?" मी विचारलं.

"नाही."

"मग एवढं शिकून काय शिकवलंस त्याला?"

मल्लू म्हणाला, "मागचं बटण दाबून बंद करू आणि चालू करू."

"चालू केल्यावर पासवर्ड मागेल," शिवलीला म्हणाली. "तो पाटीवरच लिहायला लागतो."

पडद्यावरची चौकट तशीच. शिवलीलाने घड्याळाकडे पाहिलं. देवस्थळींची अट होती की मागणी पडून अर्ध्या तासात कुणी उचलली नाही तर ती दुसऱ्या दुकानाला जाणार आणि पहिलं दुकान परीक्षेतून बाद. दुसरं दुकान म्हणजे कोण हे मला कुणी सांगायला नको होतं. समोर दिगंबर पडद्याला नाक लावून बसला होता.

"आक्का," मल्लू म्हणाला, "एकदाच. माऊस उचलायचा, 'हो' म्हणायचं, पुन्हा ठेवायचा. देव काय म्हणणार आहे?"

"देव काही म्हणणार नाही. तुझा आज्जा म्हणेल. परतीच्या पावसात पूर आला तेव्हा दुकानात गुडघाभर पाणी होतं, तरी त्याने नवमीला कालथा उचलला नाही. चौरंगासकट माडीवर नेला. आणि मी एका उंदरासाठी उचलू?"

शिवलीलाने एकदाही म्हटलं नाही की उचला. हे मी तेव्हाच लक्षात ठेवलं. तिचं टेबल जायची वेळ आली होती, डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं, पण पूजेतल्या वस्तूकडे तिने बोटसुद्धा केलं नाही.

"दुसरा माऊस लावला तर चालतो का?" मी विचारलं.

"चालतो की. मागे वायर खुपसली की झालं, समईत तेल घालावं तसं. पूजेत नसलेला पाहिजे."

"मल्लू, जा बाजारात."

"आज कॉम्प्युटरवाल्याचं दुकान कुठलं उघडं असणार, आक्का? आणि जी हत्यारं आहेत ती सगळ्यांची आज पूजेत."

"सगळ्यांची नाहीत," शिवलीला हळूच म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती, रस्त्याकडे बघत होती. "ज्यांचं पूजन उद्या असतं, त्यांची आज मोकळी आहेत."

पलीकडून लसूण परतल्याचा वास येत होता.

मी उठले. चपला टेबलाखाली गेल्या होत्या. वाकून काढल्या, पदर नीट केला आणि रस्त्यात उतरले.

रस्ता एवढासाच. पण मी त्यावर पाय ठेवला आणि पेठेतली दुकानं एकेक करून बोलायची थांबली. पानवाला चुना लावायचा विसरला. कापडवाल्या शहांनी गिऱ्हाइकाला हातानेच थांब म्हणून सांगितलं. मी ताठ मानेने गेले. मान खाली घालून गेले असते तर कमळाला हसायला मिळालं असतं, आणि तिला तसंही फार हसायला मिळतं.

कमळा गल्ल्यावर बसली होती. मला पायरीशी बघून तिने फुटाण्याचं माप खाली ठेवलं.

"कोण गं हे? रस्ता चुकलीस?"

"रस्ता सरळच आहे. चुकायला वाव नाही."

"मग काय पाहिजे?"

"माऊस."

तिने जावयाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कशाला?"

"माझा पूजेत बसलाय. आज नवमी आहे. तुमच्याकडे देव एक दिवस उशिरा उठतो, म्हणून तुमचा मोकळा आहे."

दिगंबर ओरडला, "आई, नको! परीक्षा चालू आहे! त्यांचं बंद पडलंय वाटतं, बंद पडू दे की!"

"तू गप रे," कमळा म्हणाली. तिचे डोळे लुकलुकायला लागले होते. तिचे ते डोळे मला ठाऊक आहेत. बैलगाडीवाला शिव्या द्यायला लागला की ती अशीच बघायची. "माऊस मिळेल. पण फुकट नाही."

"काय पाहिजे बोल."

तिने बरणीत हात घातला आणि मूठभर भडंग कागदावर ओतलं. कागद माझ्यापुढे सरकवला. "इतकी वर्षं कोंबड्यांचं खाद्य म्हणतेस. कधी खाल्लंस?"

"नाही."

"खा. आणि मग सांग, मसाला तुझा आहे की नाही. या सगळ्यांपुढे सांग."

या सगळ्यांपुढे म्हणजे तोवर तिच्या पायरीखाली अर्धी पेठ गोळा झाली होती. पानवाला तर पान हातात घेऊनच आला होता. आमच्या दुकानाच्या दारातून मल्लू आणि शिवलीला बघत होती. शिवलीला घड्याळाकडे बघत नव्हती, याचंच मला नवल वाटलं.

मी चार दाणे तोंडात टाकले. चावले. मग अजून चार.

त्यात कारळे होते. आमच्यात कधी नसतात. खोबऱ्याचा पातळ काप तळून घातला होता. मिरची ब्याडगी, नुसती रंगाची, मागून हळूच येणारी. लसूण सालासकट. माझा मसाला अंगावर धावून येतो, हा शेजारी बसून गप्पा मारतो. कमळासारखाच. मी तो कागद पार रिकामा केला. सगळ्यांसमोर केला.

"काय?" कमळा म्हणाली.

मी तोंड पुसलं. मोठ्याने सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मसाला माझा नाही."

कुणीतरी "अरे वा" म्हणालं.

"माझा असता," मी पुढे म्हटलं, "तर बरा झाला असता."

कमळा हसायला लागली. आधी नुसती खांद्यातून, मग सगळीच्या सगळी, डोळ्याला पदर लावून. "तानू," ती म्हणाली, "मेलीस तरी तुझी जीभ आठवडाभर चालत राहील बघ."

तानू. सगळी पेठ मला आक्का म्हणते. घरचे आक्का म्हणतात. माहेरी नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.

"दे रे तो माऊस," कमळा जावयाला म्हणाली.

"आई, मग मी काय करू?"

"ती बटणांची पाटी आहे ना? तिच्यावर आपट बोटं. सकाळपासून तेवढंच करतोयस."

दिगंबरने वायर उपसली. कमळाने माऊस आपल्या पदराला पुसला आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला. पूर्वी कालथा द्यायची तसाच. वर म्हणाली, "नीट वापर. मागच्या वेळी माझ्या कालथ्याची मूठ ढिली करून पाठवली होतीस."

"ढिलीच होती."

"घट्ट होती."

मी परत आले तेव्हा शिवलीला पेटीमागे जाऊन बसली होती. तिने वायर खुपसली, माऊस टेबलावर ठेवला आणि बाजूला सरली.

"तुम्हीच दाबा, आक्का. तुम्हाला विचारलंय."

मी जन्मात त्या वस्तूला हात लावला नव्हता. तिने माझ्या हातावर हात ठेवला, पडद्यावरचा बाण इकडे तिकडे धावला, एकदा पार कोपऱ्यात जाऊन लपला. मी त्याला दटावलं. मग तो 'हो'वर आला आणि मी बोट दाबलं.

थोडा वेळ काही झालं नाही. मग हिरवा ठिपका.

"उघडलं!" शिवलीला ओरडली, आणि पाठोपाठ मागण्या धडाधड खाली उतरल्या. अर्ध्या तासाला थोडाच अवकाश राहिला होता. मल्लूने तिचे दोन्ही खांदे धरले आणि मग मी आहे हे आठवून सोडले. मी म्हटलं, "धर की, मी काय आंधळी आहे?"

संध्याकाळपर्यंत नेट अजून दोनदा गेलं. चौकट दोनदा आली. दोन्ही वेळा मी हातातलं काम टाकून गेले आणि 'हो' म्हटलं. दुसऱ्या वेळी तर शिवलीलाला हातसुद्धा लावू दिला नाही.

दसऱ्याच्या सकाळी आरती झाली, हत्यारं मोकळी झाली. मी कमळाचा माऊस रुमालात गुंडाळून तिच्याकडे धाडला, वर आपट्याची पानं. भट्टी पेटवायला वाकते तोच रस्त्यावरून हाक आली.

"तानू! अगं ए तानू! आमचा माऊस गेला पूजेत. तुझा दे!"

मी बाहेर आले. कमळा भर रस्त्यात उभी होती, मागे एक जीप हॉर्न वाजवत होती. मी आमचा माऊस घेऊन रस्त्यात उतरले, भस्म तसंच ठेवून. मग मूठ ढिली होती की घट्ट होती यावर आमचं जे सुरू झालं, ते जीपवाला खाली उतरून हात जोडेपर्यंत संपलं नाही.

देवस्थळींनी भडंग दोन्ही ठेवलं, तिखट आमचं नि खोबऱ्याचं त्यांचं. पुढे दिगंबर सासरी यायला घाबरायला लागला, म्हणून शिवलीलाने चौगुल्यांसाठीही प्रोग्रॅम लिहून दिला. मी हरकत घेतली नाही. त्यांच्या मागण्या आमच्या सुनेच्या मुठीत राहिलेल्या काय वाईट? टेबल राहिलं. पोत्यांसाठी मल्लूने मागे पत्रा टाकला.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. शिवलीलाची कानशिलं पांढरी व्हायला लागलीत. मागच्या महिन्यात ते टेबल मोडीत काढायचं ठरलं. सगळं आता फोनवर होतं म्हणे. ती ड्रॉवर रिकामा करत होती, मी बाजूला बसून लसूण सोलत होते. वायरींच्या गुंत्यातून तिने एक काळा माऊस बाहेर काढला, जुना, धुळीने माखलेला, आणि पटकन पदराखाली घेतला.

"काय लपवलंस?"

ती या वयात लाजली. "काही नाही, आक्का."

"दाखव."

तिने दाखवला. "हा कोल्हापूरहून आणला होता. जास्तीचा. लग्नाआधीचा."

"म्हणजे त्या नवमीला हा ड्रॉवरमध्येच होता."

"होता." तिने खाली बघितलं, पण हसू दाबता येत नव्हतं. "तुम्ही पायरीवरून परत फिरला असता ना, तर लगेच काढणार होते. पण मला वाटलं, आधी एकदा बघू. रोज बघायचे मी. कमळाबाईंची भट्टी पेटली की तुम्ही मान वर करायचा, आणि तुम्ही खोकलात की त्या दारात यायच्या. आणि दोघी म्हणायच्या, आमचा काही संबंध नाही."

मी लसणाची पाकळी सोलली, परातीत टाकली.

"रागावलात?"

"रागवायचं काय त्यात? चपला काढायला वाकले तेव्हा त्याची वायर माझ्या नाकासमोरच लोंबत होती. शेवटी शेपूट कशाचं ते मला कळतं. शिकले नाही म्हणून आंधळी नव्हते."

शिवलीलाने माऊस परातीशेजारी ठेवला. मग तिने विचारलं, "आक्का, मग तुम्ही गेलात कशाला?"

"पलीकडे लसूण करपत होता," मी म्हटलं. "सांगायला गेले."